पाहणे आणि करणे यांमधील फट : प्रक्रिया-क्रमांकाच्या फाईलचे कुलूप

१. उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :
• प्रक्रिया-क्रमांकाची फाईल म्हणजे काय व ती कशासाठी ठेवतात, हे सांगता येईल.
• ‘रेस कंडिशन’ म्हणजे शर्यतीची स्थिती कशी उद्भवते, हे उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• फाईलला कुलूप लावण्याची योग्य रीत आणि तीत होणाऱ्या नेहमीच्या चुका ओळखता येतील.
• तांत्रिक सूचना लिहिताना क्रियापदांची रूपे काळजीपूर्वक का निवडावी लागतात, हे समजेल.

२. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण पत्रव्यवहार, अहवाल, इतिवृत्त या लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला आहे. तांत्रिक विषयाचे स्पष्टीकरण हाही असाच एक लेखनप्रकार होय. त्याची कसोटी मात्र निराळी आहे. इतिवृत्तातील एखादे वाक्य सैल राहिले तर वाचक संदर्भाने अर्थ लावून घेतो. यंत्रासाठी लिहिलेल्या सूचनेत वाक्य सैल राहिले तर यंत्र ती सैल सूचनाच निमूटपणे पाळते.

या घटकासाठी निवडलेला विषय लहान आहे. संगणकावर एखादा प्रोग्रॅम एका वेळी एकदाच चालावा, त्याची दुसरी प्रत सुरू होऊ नये, अशी व्यवस्था कशी करावी, एवढाच हा प्रश्न आहे. उत्तर वरवर सोपे वाटते. पण त्या सोप्या उत्तरात एक बारीक फट असते. ती फट कोठे आहे आणि ती कशी बुजवतात, हे आता क्रमाने पाहू. आपण प्रोग्रॅम लिहिणारे नसलात तरी विवेचन समजण्यास अडचण येणार नाही.

३. प्रक्रिया-क्रमांकाची फाईल कशासाठी?

चालू असलेल्या प्रोग्रॅमला ‘प्रक्रिया’ म्हणतात. युनिक्स आणि लिनक्स या कार्यप्रणालींत प्रत्येक प्रक्रियेला एक क्रमांक मिळतो. त्यास ‘पीआयडी’ असे म्हणतात. ठरावीक वेळी ठरलेली कामे करणारा ‘क्रॉन’ किंवा विदासंग्रह सांभाळणारा ‘पोस्टग्रेस’ यांसारखे काही प्रोग्रॅम पडद्यामागे सतत चालू असतात. ते सुरू होताच स्वतःचा क्रमांक एका लहानशा फाईलमध्ये लिहून ठेवतात. फाईलच्या नावाच्या शेवटी सामान्यतः ‘पीआयडी’ ही अक्षरे असतात आणि आत दशमान पद्धतीने लिहिलेली एक संख्या असते.

या फाईलचे उपयोग दोन. पहिला, चालू प्रक्रियेला थांबण्याचा किंवा अन्य संदेश पाठवायचा असेल तर तिचा क्रमांक कोठे मिळेल, हे ठाऊक असते. दुसरा, त्याच प्रोग्रॅमची दुसरी प्रत सुरू होऊ लागली तर तिला ‘येथे आधीच कोणीतरी आहे’ हे कळते.

एसटीच्या गर्दीत खिडकीतून आसनावर रुमाल टाकण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. प्रक्रिया-क्रमांकाची फाईल हा असाच रुमाल होय. रुमाल दिसला की दुसरा प्रवासी त्या आसनावर बसत नाही. मात्र रुमाल कोणाला बळाने अडवीत नाही. सर्वांनी संकेत पाळला तरच त्याला अर्थ आहे. शिवाय रुमालाचा धनी बसमधून उतरून गेला तरी रुमाल तेथेच पडून राहू शकतो. हे दोन्ही मुद्दे पुढे उपयोगी पडणार आहेत.

दुसरी प्रत चुकून सुरू झाली तर काय बिघडते? देयके पाठविणारा प्रोग्रॅम असेल तर ग्राहकाला एकच देयक दोनदा जाईल. विदासंग्रहाचा प्रोग्रॅम असेल तर दोन प्रती एकाच फाईलींवर परस्परांना न विचारता लिहू लागतील आणि वर्षानुवर्षांच्या नोंदी दुरुस्त न होण्याइतक्या बिघडतील.

४. ‘पाहून’ या रूपात दडलेली फट

नवख्या प्रोग्रॅमलेखकाला ही व्यवस्था मराठीत सांगण्यास सांगितले तर तो बहुधा असे वाक्य लिहील : ‘फाईल नाही असे पाहून ती तयार करावी व तीत आपला क्रमांक लिहावा.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. ‘पाहून’ हे ‘ऊन’ प्रत्यय लागलेले पूर्वकालवाचक धातुसाधित आहे. आधीची क्रिया संपली व नंतरची सुरू झाली, एवढे ते सांगते. या दोहोंत किती काळ गेला, हे मात्र ते सांगत नाही. ‘तो घरी जाऊन जेवला’ या वाक्यात जाणे आणि जेवणे यांत पाच मिनिटे गेली असतील किंवा दोन तासही. रूप तेच राहते.

माणसाच्या व्यवहारात ही मोकळीक सोयीची असते. संगणकात मात्र अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात आणि कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे ‘कर्नल’, कोणत्याही प्रक्रियेला कोणत्याही क्षणी थांबवून दुसरीला संधी देऊ शकतो. पाहणे संपले आहे, करणे सुरू व्हायचे आहे, अशा क्षणीही तो तसे करू शकतो. समजा, अ आणि ब या एकाच प्रोग्रॅमच्या दोन प्रती जवळजवळ एकाच वेळी सुरू झाल्या :

१) अ पाहते : फाईल आहे का? नाही.
२) ब पाहते : फाईल आहे का? नाही.
३) अ फाईल तयार करून ४२१० हा आपला क्रमांक लिहिते.
४) ब तीच फाईल उघडून आधीचा मजकूर पुसते व ४२११ लिहिते.

आता दोन्ही प्रती चालू आहेत. फाईलमध्ये मात्र एकाच प्रतीचा क्रमांक आहे. व्यवस्थापकाने ‘थांब’ असा संदेश पाठविला तर ब थांबेल. अ कोणाच्याही नोंदीत नसल्यामुळे ती तशीच चालू राहील.

दोन क्रियांचा निकाल त्यांपैकी कोणती आधी पोहोचते यावर अवलंबून असणे, या अवस्थेला ‘रेस कंडिशन’ किंवा शर्यतीची स्थिती म्हणतात. तिचा खरा धोका तिच्या दुर्मीळपणात आहे. फट अत्यंत अल्प काळाची असते, त्यामुळे हजार चाचण्या यशस्वी होऊनही दोष तसाच राहतो आणि संगणकावर कामाचा ताण असेल त्याच दिवशी नेमका वर येतो. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला. त्यामागील अनेक कारणांपैकी एक कारण म्हणजे नियंत्रण-कक्षातील धोक्याची सूचना देणारी संगणकीय यंत्रणा आधीच ठप्प झाली होती, आणि ती ठप्प होण्याच्या मुळाशी अशीच शर्यतीची स्थिती होती. तेथे प्रश्न प्रक्रिया-क्रमांकाच्या फाईलचा नव्हता. पण दोषाची जात हीच होती.

आपली प्रगती तपासा – १
वरील उदाहरणात तिसरी पायरी दुसऱ्या पायरीच्या आधी घडली असती तर काय झाले असते? दोन वाक्यांत लिहा. (उत्तर घटकाच्या शेवटी दिले आहे.)

५. पहिला उपाय : दोन क्रियांची एक क्रिया

यावर पहिला उपाय असा की पाहणे व तयार करणे या दोन क्रिया प्रोग्रॅमने स्वतः करूच नयेत. दोन्ही मिळून एकच विनंती कर्नलकडे सोपवावी. फाईल उघडण्याच्या ‘ओपन’ या आज्ञेला ‘ओ-क्रिएट’ आणि ‘ओ-एक्स्क्ल’ हे दोन पर्याय एकत्र दिले की तिचा अर्थ होतो : ‘फाईल नसल्यास तयार करावी, असल्यास विनंती नाकारावी.’ हे काम कर्नल अखंडपणे करतो. मध्ये दुसऱ्या प्रक्रियेला शिरकाव नसतो. अ आणि ब यांनी एकाच वेळी विनंती केली तरी एकीलाच होकार मिळतो.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याने एक बाब टिपून ठेवावी. ‘नसल्यास तयार करावी’ हे वाक्य दोन्ही रीतींच्या वर्णनात येऊ शकते. भेद वाक्यात नसून कर्त्यात आहे. प्रोग्रॅम कर्ता असेल तर त्या दोन क्रिया आहेत. कर्नल कर्ता असेल तर ती एकच क्रिया आहे. आपल्या तांत्रिक लेखनात कर्मणी व भावे प्रयोगांमुळे कर्ता वारंवार अध्याहृत राहतो. अशा ठिकाणी तो स्पष्ट लिहिलाच पाहिजे.

६. शिळ्या फाईलचा प्रश्न

पहिल्या उपायाने सुरुवातीची फट बुजते. पण दुसरी अडचण उभी राहते. प्रोग्रॅम अचानक कोसळला, त्याला सक्तीने बंद केले किंवा वीज गेली, तर फाईल पुसण्याची संधी त्याला मिळत नाही. धनी गेला, रुमाल राहिला. अशा फाईलला आपण ‘शिळी फाईल’ म्हणू. तिच्यामुळे चालू कोणी नसतानाही नवी प्रत सुरू होण्यास नकार देते.

मग प्रोग्रॅमलेखक पुढची युक्ती काढतो : फाईलमधील क्रमांक वाचावा, त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का ते विचारावे, नसल्यास फाईल पुसून नवी करावी. जिवंतपणा तपासण्यासाठी ‘किल’ या आज्ञेने शून्य क्रमांकाचा संदेश पाठवितात. तो प्रत्यक्षात पोहोचविला जात नाही. पोहोचविता आला असता की नाही, एवढेच त्यातून कळते. या युक्तीत दोन दोष आहेत.

पहिला दोष क्रमांकांच्या पुनर्वापराचा. लिनक्समध्ये या क्रमांकांची मर्यादा परंपरेने ३२,७६८ आहे. ६४-बिट यंत्रणेत ती सुमारे ४२ लाखांपर्यंत वाढविता येते. मर्यादा संपली की मोजणी पुन्हा खालून सुरू होते आणि मोकळे झालेले क्रमांक नव्या प्रक्रियांना मिळतात. म्हणजे फाईलमधील क्रमांक आज एखाद्या भलत्याच प्रक्रियेचा असू शकतो.

दुसरा दोष म्हणजे तीच जुनी फट. अ आणि ब या दोघींनी शिळी फाईल वाचली व प्रक्रिया मृत असल्याचे दोघींना कळले. अ ने शिळी फाईल पुसली, नवी तयार केली व आपला क्रमांक लिहिला. त्यानंतर ब ने आपल्या आधीच्या निष्कर्षावर विसंबून फाईल पुसली. पण ती आता अ ची ताजी फाईल होती. मग ब नेही आपली नवी फाईल तयार केली. पुन्हा दोन प्रती चालू झाल्या.

हा प्रश्न प्रत्यक्षात किती सावधपणे हाताळावा लागतो, हे पोस्टग्रेसच्या उदाहरणावरून दिसते. हा प्रोग्रॅम आपल्या विदासंग्रहाच्या निर्देशिकेत ‘पोस्टमास्टर’ या नावाची क्रमांक-फाईल अखंड रीतीने तयार करतो. जुनी फाईल आढळल्यास तो तिच्यातील क्रमांक तपासतो. तो क्रमांक स्वतःचा, आपल्या जनक-प्रक्रियेचा किंवा तिच्याही जनक-प्रक्रियेचा असेल तर फाईल शिळी मानतो. कारण संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तेच क्रमांक पुन्हा वाट्याला येणे अगदी शक्य असते. एवढ्यावर न थांबता, आधीच्या प्रतीने वापरलेली सामायिक स्मृती अद्याप कोणाच्या वापरात आहे का, हेही तो पाहतो. केवळ क्रमांकावर विश्वास ठेवणे पुरेसे नाही, हे त्याच्या रचनाकारांनी ओळखले होते.

७. दुसरा उपाय : कुलूप

वरील सर्व अडचणींचे मूळ एकच आहे. ‘मी चालू आहे’ हे विधान आपण फाईलच्या अस्तित्वावर किंवा तिच्यातील संख्येवर सोपविले होते, आणि या दोन्ही गोष्टी प्रक्रियेच्या मृत्यूनंतरही उरतात. म्हणून ते विधान प्रक्रियेबरोबरच जगणाऱ्या व प्रक्रियेबरोबरच नाहीशा होणाऱ्या गोष्टीवर सोपविले पाहिजे. अशी गोष्ट म्हणजे कर्नलने दिलेले फाईलचे कुलूप. रुमाल टाकणे आणि स्वतः आसनावर बसणे यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. माणूस उठला की आसन आपोआप रिकामे होते.

या कामासाठी ‘फ्लॉक’ ही आज्ञा वापरतात. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून ती प्रचारात आहे. ‘एफसीएनटीएल’ या आज्ञेनेही कुलूप लावता येते. योग्य क्रम असा :

१) फाईल उघडावी, नसल्यास ती तयार व्हावी. आतील मजकुराला मात्र या पायरीवर हात लावू नये.
२) कर्नलकडे एकट्याच्या ताब्याचे कुलूप मागावे, आणि न मिळाल्यास वाट न पाहता उत्तर द्यावे असे सांगावे.
३) कुलूप मिळाले नाही तर दुसरी प्रत चालू आहे असे समजून शांतपणे बाहेर पडावे.
४) कुलूप मिळाले तर जुना मजकूर पुसून आपला क्रमांक लिहावा.
५) प्रक्रिया जिवंत असेपर्यंत फाईल उघडीच ठेवावी.

पहिल्या पायरीतील निषेध महत्त्वाचा आहे. फाईल उघडतानाच मजकूर पुसण्याचा पर्याय दिला तर कुलूप न मिळालेली दुसरी प्रत जाता जाता पहिलीचा क्रमांक पुसून जाते. पाचवी पायरीही तितकीच महत्त्वाची आहे. फाईल बंद केली की कुलूप सुटते. प्रक्रिया कोसळली किंवा सक्तीने संपविली गेली तरी कर्नल तिच्या सर्व फाईली बंद करतो व कुलूप मोकळे होते. त्यामुळे ‘शिळे कुलूप’ असा प्रकार संभवत नाही. फाईलमधील संख्या शिळी असू शकते, पण तिच्यावर आता काही अवलंबून नसते. लिनक्समधील क्रॉनच्या प्रचलित आवृत्त्या हीच रीत वापरतात.

८. कुलूप लावतानाच्या चार चुका

(अ) शेवटी फाईल पुसणे : काम संपल्यावर फाईल पुसून टाकणे नीटनेटकेपणाचे वाटते, पण त्यातून नवी फट निघते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासात आपण पाहिले आहे की नाव आणि वस्तू या भिन्न गोष्टी असून त्यांचा संबंध तोडता येतो. युनिक्समध्येही फाईलचे नाव व प्रत्यक्ष फाईल भिन्न असतात. फाईल पुसणे म्हणजे तिचे नाव काढून टाकणे; ज्याने ती आधी उघडली आहे, त्याच्याजवळ ती निनावी अवस्थेत शिल्लक राहते. समजा, अ कडे कुलूप आहे. ब ने तीच फाईल उघडली, पण कुलूप अजून मागितलेले नाही. तेवढ्यात अ ने नाव पुसले व ती संपली. ब ला कुलूप मिळाले, पण ते निनावी फाईलचे. मग क आली. त्या नावाची फाईल नाही म्हणून तिने नवी तयार केली व तिला कुलूप लावले. ब आणि क या दोघींकडे खरी कुलपे आहेत. मात्र ती दोन वेगळ्या फाईलींची आहेत. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फाईल पुसूच नये. पुसायचीच असेल तर कुलूप मिळाल्यावर आपल्या हातातील फाईल व त्या नावाची सध्याची फाईल एकच आहे ना, हे त्यांच्या अंतर्गत क्रमांकांवरून ताडून पाहावे. नसल्यास आरंभापासून पुन्हा प्रयत्न करावा. फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीत यासाठी तयार सुविधा आहे.

(आ) अपत्य-प्रक्रियेचा विसर : पडद्यामागे जाणारा प्रोग्रॅम बहुधा स्वतःची अपत्य-प्रक्रिया निर्माण करून मूळ प्रक्रिया संपवितो. ‘एफसीएनटीएल’चे कुलूप अपत्याकडे जात नाही, म्हणून ते अपत्यानेच घ्यावे. ‘फ्लॉक’चे कुलूप उघड्या फाईलबरोबर अपत्याकडे जाते. याची दुसरी बाजू अशी की, एखाद्या मदतनीस प्रोग्रॅमकडे ती उघडी फाईल नकळत गेली तर मुख्य प्रक्रिया संपल्यावरही कुलूप अडकून राहते. नवा प्रोग्रॅम चालविताना फाईल आपोआप बंद व्हावी, असा पर्याय त्यासाठी आधीच द्यावा.

(इ) कुलूप सक्तीचे आहे असे समजणे : ही कुलपे संकेतपर आहेत. कुलूप न मागता लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला कर्नल अडवीत नाही. रुमालाबाबत सांगितलेला पहिला मुद्दा येथेही लागू आहे : सर्व प्रतींनी एकच रीत पाळली पाहिजे.

(ई) चुकीची जागा : सर्वांना लिहिण्यास खुल्या असलेल्या निर्देशिकेत ही फाईल ठेवली तर कोणीही तिला आधीच कुलूप लावून आपला प्रोग्रॅम रोखू शकतो. लिनक्समध्ये ‘रन’ ही निर्देशिका यासाठी राखीव आहे.

९. कुलपाची मर्यादा आणि अन्य मार्ग

दुसरी प्रत रोखणे हे कुलपाचे काम. फाईलमधील क्रमांक वाचून संदेश पाठविणाऱ्या व्यवस्थापकासमोरची फट त्याने पूर्णपणे बुजत नाही. वाचणे आणि पाठविणे यांच्या दरम्यान ती प्रक्रिया संपून क्रमांक दुसऱ्या कोणाला मिळू शकतो. क्रमांकाऐवजी प्रत्यक्ष प्रक्रियेलाच धरून ठेवणारी ‘पीआयडी-एफडी’ ही सोय लिनक्सने याच कारणाने आणली. ती मिळविण्याची आज्ञा २०१९ मधील ५.३ या आवृत्तीत आली. तसेच ‘सिस्टिमडी’ हा व्यवस्थापक आपण सुरू केलेल्या प्रक्रियांचा हिशेब कर्नलच्या साहाय्याने स्वतःच ठेवतो. त्यामुळे त्याच्या देखरेखीखालील अनेक प्रोग्रॅमना क्रमांक-फाईलची गरजच उरत नाही. लहान आज्ञासंचांसाठी लिनक्समध्ये ‘फ्लॉक’ याच नावाचा तयार प्रोग्रॅम मिळतो. तो आधी कुलूप घेतो व मगच आपण सांगितलेले काम चालवितो.

१०. सारांश

फाईल आहे का हे पाहणे आणि ती तयार करणे या दोन क्रिया वेगवेगळ्या ठेवल्या तर त्यांच्या मध्ये दुसरी प्रक्रिया शिरू शकते. अखंड निर्मितीने ही फट बुजते, पण शिळ्या फाईलचा प्रश्न उरतो. क्रमांक जिवंत आहे का हे तपासल्याने तीच फट पुन्हा उघडते. कर्नलचे कुलूप प्रक्रियेच्या आयुष्याशी बांधलेले असल्यामुळे ते भरवशाचे ठरते. मात्र ते शेवटपर्यंत धरून ठेवावे आणि फाईल पुसण्याचा मोह टाळावा.

तांत्रिक लेखन करताना ‘पाहून’, ‘तपासून’, ‘नसल्यास’ ही रूपे आली की दोन प्रश्न अवश्य विचारावेत : या क्रिया कोण करतो आहे? आणि त्यांच्या मध्ये कोणी येऊ शकतो का? या प्रश्नांची उत्तरे वाक्यात असतील तरच ती सूचना पूर्ण झाली असे समजावे.

११. स्वाध्याय

१) ‘रिकामी खोली पाहून पाहुण्यांना द्यावी’ ही सूचना दोन कर्मचारी एकाच वेळी पाळू लागले तर काय होईल? फट राहणार नाही अशा रीतीने ती पुन्हा लिहा.
२) क्रमांक-फाईल आणि कुलूप यांतील फरक रुमालाच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा. हा दृष्टान्त कोठे अपुरा पडतो, तेही सांगा.
३) काम संपल्यावर फाईल पुसल्याने दोन प्रती कशा चालू होऊ शकतात, ते पायऱ्या मांडून लिहा.

‘आपली प्रगती तपासा – १’चे उत्तर : ब ने पाहिले तेव्हा फाईल आधीच तयार असती, म्हणून ब माघारी फिरली असती. निकाल योग्य लागला असता, पण तो केवळ योगायोगाने. प्रोग्रॅममधील दोष तसाच राहिला असता.